दशांशासकट

“एकतीस पूर्णांक शून्य चार,” दशांशबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग तो पुन्हा उचलला, ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय परत सॉकेटमध्ये बसवले, बटण दाबलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. एकतीस पूर्णांक शून्य चार. यंत्राचं वळण त्यांच्यासारखंच होतं, एकदा म्हटलं की म्हटलं.

ह्या ट्रान्झिस्टरची नऊ भावंडं सव्वा वर्षापूर्वी त्यांनी ह्याच टेबलावर मोजली होती. रजिस्टर समोर उघडं होतं. एकसष्ट, बासष्ट, साठ, परत बासष्ट. नऊच्या नऊ साठीतले. खाली त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात शेरा होता: ‘दहा पाठवले, नऊ मोजले, एक गहाळ.’ तो गहाळ झालेला आज सापडला होता. शिशाच्या विटा दोन वर्षांतून एकदा हलवल्या जात, तशा आज हलवताना तो मागच्या फटीत पडलेला दिसला. त्याला बाहेर काढताना विटेने दशांशबाईंचं उजवं मनगट मात्र मुरगळून ठेवलं.

नऊ जण साठीतले आणि दहावा एकतीसचा. माणसांच्या घरात असं असतं तर लोकांनी कौतुक केलं असतं. इथे आकडा वयाचा नव्हता, जोराचा होता, आणि दशांशबाई घाबरल्या.

घाबरणं ही तशी त्यांची रोजचीच गोष्ट. दशांशबाईंचं खरं नाव मस्टरवर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. आकडा विचारला की त्या तो दशांशचिन्हाच्या पुढल्या शेवटच्या घरापर्यंत सांगत, म्हणून हे नाव पडलं. पण त्यांना ‘भित्रेबाई’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप दोनदा ओढायचं, रिकामा रस्ताही उजवीकडे-डावीकडे बघत, मग परत उजवीकडे बघून ओलांडायचा. ऑफिसातली मंडळी त्यांची थट्टा करत आणि त्या ती हसून सोसत, कारण भीती ही आपल्याला जन्मतः मिळालेली खोड आहे, तिचा प्रत्यक्ष संकटाशी काही संबंध नाही, असं त्यांनाही पटलेलं होतं.

हे केंद्र म्हणजे एक जुनी, लहानशी अणुभट्टी आणि तिच्याभोवती वाढत गेलेल्या इमारती. भट्टीच्या जाड भिंतीला एक भोक होतं आणि भोकापुढे लोखंडाची अवजड झडप. झडप उघडली की न्यूट्रॉन आणि गॅमा किरण बाहेरच्या हॉलमध्ये येत आणि तिथल्या बाकावर मांडलेल्या वस्तूंवर पडत. झडप बंद झाली की माणसं आत जाऊन वस्तू बदलत. जिथे असे किरण असतात तिथल्या यंत्रांचे सुटे भाग किती मार खाऊन टिकतात, हे बघणं हा इथला धंदा. मार खाण्याआधी आणि मार खाल्ल्यावर प्रत्येक भाग मोजायचा, हे दशांशबाईंचं सव्वीस वर्षांचं काम.

न्यूट्रॉन हा धसमुसळा. सिलिकॉनमधले अणू शिस्तीत रांगेने उभे असतात, त्यांतल्या एखाद्याला तो धक्का देऊन रांगेबाहेर काढतो. असं पुष्कळ वेळा झालं की ट्रान्झिस्टरचा जोर ओसरतो. गॅमाची रीत वेगळी. तो दाराच्या फटीत काहीतरी अडकवून जातो. मग बंद केलेला इलेक्ट्रॉनिक स्विच पुरता बंद होत नाही, थोडी थोडी वीज गळत राहते. म्हणून नियमाप्रमाणे ट्रान्झिस्टरची परीक्षा न्यूट्रॉनपुढे आणि स्विचची परीक्षा गॅमापुढे. दोन परीक्षा, दोन रकाने, दोन शिक्के. दोघांना एकाच सर्किटमध्ये बसवून दोन्ही मार एकदम देऊन बघावं असं नियमात कुठे नव्हतं, आणि नियमात नसलेलं काही करायची दशांशबाईंची छाती नव्हती.

नियमाबाहेरचं असं त्यांनी एकदाच केलं होतं. चार वर्षांपूर्वी दमट हवेने नगांच्या पायांना गंज चढायला लागला, तेव्हा त्यांनी मागणी करकरून एक उबदार कपाट मिळवलं. किरणांचा मारा खाऊन आलेले नग स्वतःच किरण टाकत असतात. ते निवेपर्यंत सहा आठवडे थांबावं लागतं. ते सहा आठवडे नग ह्या कपाटात राहू लागले. गंज थांबला. वरून शाबासकीचं पत्रही आलं, ते अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं.

आता त्यांनी त्या पत्राकडे पाहिलं आणि मग कपाटाकडे. कपाट मंद घरघरत होतं. ऊब मिळाली की सिलिकॉन हळूहळू सुधारतं, रांगेबाहेर गेलेले अणू परत जागेवर येतात, हे ह्या खात्यात शिपायालासुद्धा माहीत होतं. दशांशबाईंनाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि आपल्या हातून होतंय ते दिसणं, ह्यात चार वर्षं गेली. नऊ नग कपाटात बसून बरे झाले होते आणि बरे झाल्यावर त्यांनी ते मोजले होते. फटीत थंड शिशाला लागून पडलेला दहावा तेवढा खरं बोलत होता.

आणि त्या नऊ नगांच्या भरवशावर पास झालेल्या ह्याच खेपेचा एक ट्रान्झिस्टर हॉलमध्ये होता. हॉलच्या दारावर एक दिवा असे. हिरवा म्हणजे आत जा, लाल म्हणजे थांब. तो दिवा चालवणाऱ्या पेटीत हा ट्रान्झिस्टर होता, आणि ती पेटी आत भिंतीवर, त्याच माऱ्यात, वर्षभरापूर्वी बसवलेली. झडप उघडी असेपर्यंत बाहेरचं पॅनेलच दिवा लाल ठेवी, झडप बंद करायचं बटण दाबलं की मग हिरवा की लाल हे ही पेटी ठरवी. आणि त्या दिव्याकडे बघून रोज दोनदा आत जाणारी बाई होती दशांशबाईंची सख्खी धाकटी बहीण.

त्या उठल्या आणि रजिस्टर घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख, माणूस चांगला, पण नेहमी कुठेतरी निघालेला.

“मर्यादा किती आहे, बाई?” साहेबांनी उभ्या उभ्याच विचारलं.

“तीस.”

“आणि हा किती आला?”

“एकतीस पूर्णांक शून्य चार.”

“मग पासच आहे की!” साहेब हसले. “काठावर का होईना, पास तो पास. तुम्ही म्हणजे ना बाई, पास झालेल्या पोराचीपण काळजी करणार.”

कपाटाची गोष्ट दशांशबाईंच्या ओठांवर आली होती. ती तिथेच राहिली. एकतीस म्हणजे खरंच पास, असं त्यांनी जागेवर परत येईपर्यंत स्वतःला चार वेळा सांगितलं, आणि चारही वेळा त्यांना ते खोटं वाटलं.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. तो दोन आठवडे गळत होता. वॉशर बदलायचं धाकटीकडे होतं आणि ती रोज उद्यावर ढकलत होती. दोघींचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची आणि ताई एकोणीसची. ताईने तिच्या वेण्या घातल्या, तिच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या आणि पुढे ह्याच केंद्रातल्या नोकरीचा अर्जही स्वतःच्या हाताने भरला. स्वतःसारखी भित्री मात्र तिला करता आली नाही.

“मनगटाला काय झालं?” पट्टी बघून धाकटीने विचारलं.

“वीट.”

“कुणी मारली?”

“गप गं. उचलताना मुरगळलं.” दशांशबाईंनी पट्टी घट्ट केली. “ऐक. उद्या आत जाताना किरण मोजायचं मीटर घेऊन जा.”

“नेते की.”

“नेत नाहीस. खुंटीला लटकलेलं असतं, मला माहितीय.”

“अगं ताई, ते पाच किलोचं धूड आहे! दोन्ही हातांत ट्रे असतो माझ्या. मीटर काय दातांत धरू?”

“दिव्यावर विसंबू नकोस एवढंच म्हणतेय.”

“का? तूच पास केलायस ना त्यातला माल?” धाकटी हसली, पण ताईचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. “हे बघ, पूर्वी ती झडप महिन्यातून दोनदा अडकायची. चार बोटं फट राहायची. पॅनेलवर नुसती मोटर फिरलेली दिसते, झडप टेकली की नाही ते कळत नाही. पण दिवा लाल राहायचा आणि आम्ही तासभर बाहेर बसून गप्पा हाणायचो. आता फिटरदादांनी नवीन ग्रीस घातलंय, अडीच महिन्यांत एकदासुद्धा अडकली नाही. दादा तर कॉलर ताठ करून फिरतायत. आता काय भ्यायचं त्यात?”

अडीच महिन्यांत एकदासुद्धा नाही, हे ऐकून दशांशबाईंना बरं वाटलं. जेवणानंतर त्यांनी गॅसचं बटण तीनदा बघितलं, तरी झोप काही लागली नाही.

सकाळी सातलाच धाकटी कामावर गेली. दशांशबाई आठच्या सुमारास चहाचं पातेलं घेऊन नळापाशी गेल्या. पातेलं भरलं. त्यांनी नळ बंद केला. नळ बंद होईना. धार बारीक झाली, पण थांबली नाही. त्यांनी जोर लावला, तशी मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली आणि हात सुटला.

“मेलं ते वॉशर,” त्या पुटपुटल्या. आणि मग तिथेच उभ्या राहिल्या.

वॉशर दोन आठवडे खराब होतं. तरी रोज आपण नळ बंद करत होतो, मनगटात जोर होता म्हणून. मनगट असं अधू असतं आणि वॉशर चांगलं असतं, तरीही नळ बंद झाला असता. एकेकटं काहीच अडलं नसतं. पण आज गळकं वॉशर आणि दुखरं मनगट एकाच नळावर आले होते आणि पाणी चाललं होतं.

त्या पेटीत एक स्विच हिरवा दिवा लावून ठेवतो आणि किरण आले की ट्रान्झिस्टर तो दिवा जोर लावून विझवतो, मग लाल लागतो. वर्षभर गॅमा खाऊन स्विच गळका झाला असणार. त्याची गळती त्यांनीच मोजली होती: मर्यादा दहाची, आली होती नऊ पूर्णांक दोन. पास. वर्षभर न्यूट्रॉन खाऊन ट्रान्झिस्टरचा जोर ओसरला असणार. एकतीस. तोही पास. दोघंही पास झाले होते, पण वेगवेगळ्या खोल्यांत. एका पेटीत गळका स्विच दिवा लावूनच ठेवणार आणि थकलेल्या ट्रान्झिस्टरला तो विझवता येणार नाही.

म्हणजे झडप अडकली तरी दिवा लाल राहणारच नाही.

अडीच महिन्यांत एकदासुद्धा नाही.

झडप अडकायची थांबली नव्हती. ती अडकते हे सांगणारा गप्प झाला होता, आणि सगळे जण फिटरच्या ग्रीसचं कौतुक करत बसले होते. त्यांनी फोन उचलला आणि लगेच ठेवला. हॉलमधल्या माणसांचे फोन फाटकावरच्या खणांत ठेवलेले असत, आणि साहेब परत ‘पासच आहे की’ एवढंच म्हणाले असते. पहिला ट्रे नऊला बदलत.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गॅसचं बटण बघितलं नाही. कुलूप लावलं नाही. नळ वाहत राहिला. रस्ता त्यांनी कुठेही न बघता ओलांडला आणि एक रिक्षावाला त्यांच्या नावाने ओरडत गेला.

फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला. “बाई, हा हॉलचा रस्ता. तुमच्या पासवर हॉलचा शिक्का नाहीये.”

“नाहीये,” दशांशबाई म्हणाल्या आणि त्याच्या हाताखालून वाकून गेल्या. तो इतका थक्क झाला की ओरडायचंही विसरला. मागून त्याने फोन फिरवलेला ऐकू आला.

हॉलचं दार म्हणजे हातभर जाडीचं लोखंड. फिटरदादा, चाळिशीचे आडव्या अंगाचे गृहस्थ, ते दोन्ही हातांनी ओढत होते. धाकटी ट्रे धरून उभी होती. दाराच्या आत पाचसहा पावलांवर भिंतीचं एक वळण होतं आणि वळणापलीकडे तो बाक. दारावर हिरवा दिवा छान, शांत पेटलेला होता. मीटर खुंटीला होतं.

“थांब!”

असा आवाज आपल्या गळ्यात आहे हे दशांशबाईंना माहीत नव्हतं. त्या धावत आल्या आणि उघड्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. धाप लागून त्यांना पुढचं बोलता येईना.

“ताई?” धाकटीने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. “अगं, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत तुझ्या. काय झालं? घरी काय झालं?”

“आत जायचं नाही.”

“ताई, लोक बघतायत.”

“बघू देत.”

एव्हाना साहेबही येऊन पोचले होते, फाटकावरून फोन गेला होता. “बाई, हे काय चाललंय? काल आपलं बोलणं झालं. तो भाग पास आहे. तुमचीच सही आहे त्याच्यावर!”

“सही माझीच आहे, म्हणून तर मी आलेय.” दशांशबाईंनी दारात पसरलेले हात खाली घेतले नाहीत. “मी ते नग उबदार कपाटात ठेवले होते, साहेब. नियमात कपाट नाही. मी आणलं. ते आत बसून सुधारले आणि मी सुधारलेले मोजले. दिव्यातला सुधारलेला नाहीये. आणि स्विच गळतोय. दोन्ही एकदम झालंय. झडप अडकली तरी हा दिवा आता लाल राहणार नाही. काही झालं तरी राहणार नाही.”

“काहीतरीच काय! अडीच महिने झडप एकदा अडकली नाही,” फिटरदादा म्हणाले. “मी स्वतः ग्रीस—”

“अडकली नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं, दादा?”

फिटरदादांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नकळत त्यांची नजर वर दिव्याकडे गेली.

“बरं, बरं,” धाकटी म्हणाली. ती लाजली होती, जराशी चिडलीही होती. चारचौघांत ताईची शोभा होतेय हे तिला बघवत नव्हतं. तिने ट्रे खाली ठेवला आणि खुंटीवरचं मीटर उतरवलं. “तुझ्या समाधानासाठी. वळणापर्यंत हात घालते, मीटर गप्प बसलं की तू घरी जायचं आणि चपला बदलायच्या. कबूल?”

ताईला बाजूला सारून ती चार पावलं आत गेली आणि मीटर धरलेला हात तिने वळणापलीकडे केला.

आधी एखाददुसरी टकटक झाली. मग टकटकींमधली जागा संपली आणि नुसती करकर सुरू झाली, सलग, कानाला न सोसणारी. काटा एका टोकाहून निघाला तो दुसऱ्या टोकाला जाऊन टेकला. धाकटी हात मागे घ्यायचं विसरली. क्षणभरच, पण दशांशबाईंना तो क्षण पुढे कित्येक दिवस दिसत राहिला: बहिणीचा लांब केलेला हात, आणि दारावर तो हिरवा दिवा, तसाच छान आणि शांत.

“बाहेर,” फिटरदादा कसंबसं म्हणाले. “बाहेर ये. बाहेर ये गं.”

ती आली. दार लागलं. मग धाकटी हळूहळू बोटं मोजायला लागली. “रोज दोनदा,” ती म्हणाली. “अडीच महिने. ताई, ह्यातल्या किती वेळा ती फट होती?”

हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. फिटरदादा भिंतीला टेकून खालीच बसले. आत तेही जात असत, पण त्यांना तेव्हा स्वतःचं भय आठवलंच नाही. “मी ग्रीस घातलं होतं,” ते म्हणत राहिले. “चांगलं ग्रीस घातलं होतं.”

त्या दिवशी भट्टी बंद झाली. हॉलमध्ये जाणाऱ्या सगळ्यांच्या छातीवरचे बिल्ले काढून घेतले. अंगाला किती किरण लागले ते ह्या बिल्ल्यांवरून, मिलिसिव्हर्ट ह्या मापात, कळतं. ते तीन महिन्यांनी एकदाच वाचले जात, आणि ह्या वेळचे तीन महिने पुरे व्हायला अजून पंधरवडा होता. निकालाला आठ दिवस लागतील असं सांगितलं. केंद्राच्या डॉक्टरांनी धाकटीचं रक्त घेतलं, पापण्या ओढून पाहिल्या, पाठीवर थाप मारली. “तसं काही होणार नाही,” ते म्हणाले आणि हात धुता धुता पुढे म्हणाले, “बहुतेक.”

त्या एका शब्दाने दोघींचे आठ दिवस खाल्ले. धाकटी केस विंचरून झाले की फणी उजेडात धरून किती केस गळले ते बघायची, आणि ताई आपण बघत नाही असं दाखवायची. धाकटी जरा खोकली की ताईचा हातातला घास तसाच राहायचा. घरात थट्टा थांबली होती. आपल्या भीतीला कुणीतरी हसावं म्हणून दशांशबाईंचा जीव तळमळला, पण हसणारीच घाबरली होती.

ऑफिसात त्यांनी एक काम केलं. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. “बाई, चौकशी होईल. चूक नियमाचीच आहे, दोन्ही मार एकत्र द्यायची परीक्षाच नव्हती. कपाटाचं तुम्ही लिहायलाच पाहिजे असं नाही. त्या दिवशी तुम्ही घाईत काय बोललात ते कुणी लिहून घेतलेलं नाही.”

दशांशबाईंनी मान हलवली आणि जागेवर येऊन लिहायला घेतलं. कपाट कधी आलं, कुणी मागितलं, कपाटाची ऊब किती अंश. मग गेल्या चार वर्षांत त्या कपाटात राहून पास झालेल्या खेपा, एकूण एक्केचाळीस, आणि प्रत्येक खेपेचे भाग कुठे गेले ते. मनगट दुखत होतं, त्यामुळे अक्षर नेहमीसारखं टपोरं येत नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतल्याचा कागद आला. त्यांनी शाबासकीचं पत्र काचेखालून काढलं आणि हा कागदही त्याच फायलीत लावून टाकला. टेबलाच्या काचेखाली पत्राएवढा चौकोन बाकीच्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

बिल्ल्यांचा निकाल त्यांच्याच विभागात आला. धाकटीचा कागद पाकिटात घालून त्या घरी निघाल्या. बसमध्ये त्यांनी मनाशी बरंच काही जुळवलं. चाळीसच्या आसपास, असं म्हणता येईल. थोडं जास्त आहे, असंही म्हणता येईल. सबंध आयुष्यात त्यांनी कुठला आकडा गोल केला नव्हता, पण आज करता आला असता, बहिणीसाठी. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तरीही त्या जुळवतच राहिल्या.

धाकटी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. नळ गळत नव्हता. तिने दुपारी वॉशर बदललं होतं. जुनं, एका बाजूने झिजलेलं वॉशर ओट्यावर पडलेलं होतं.

“आला?” तिने विचारलं.

“आला.” दशांशबाई समोर बसल्या. पाकीट उघडायची गरज नव्हती. “अगं, चाळीसच्या आस—”

“ताई.” धाकटीने त्यांचा पट्टी बांधलेला हात धरला. तिचा हात गार होता. “दशांशासकट सांग.”

दशांशबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी हिचा नापास झालेला विषय आपण हिला सांगितला, तेव्हाही हिने असंच हात धरून डोळे मोठे केले होते. मग ऑफिसात टेबलापाशी बसून आकडे सांगत त्याच आवाजात त्यांनी सांगितलं.

“त्रेचाळीस पूर्णांक शून्य सात.”

“वर्षाला किती चालतात?”

“वीस.”

“शून्य सात,” धाकटी म्हणाली. जणू तो शेवटचा सातच लक्षात ठेवायचा होता. “आणि फिटरदादांचे?”

“अडतीस पूर्णांक सहा एक.”

“हॉलमध्ये परत नाही ना जायचं आता?”

“नाही. स्टोअरमध्ये बदली मिळेल म्हणाले. रक्त दर तीन महिन्यांनी तपासायचं. डॉक्टर म्हणाले...” त्यांनी तो शब्द उच्चारला नाही, आणि धाकटीनेही विचारलं नाही.

दोघी जेवल्या. ताईने भांडी विसळली, धाकटीने पुसली. दिवा मालवून बाहेरच्या खोलीत आल्यावर धाकटी एकदम थांबली.

“गॅस बघितलास?”

“दोनदा बघितला.”

“बस तू. तिसऱ्यांदा मी बघते.”

ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेली. दशांशबाई पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिल्या. बटण फिरवल्याचा आवाज आला, परत बंद केल्याचा आला, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा एकदा आला.